कस, हीण आणि गंज

एखाद्या माणसाला ‘बावनकशी’ म्हटलं की त्याच्या गुणांवर शिक्कामोर्तब होतं आणि ‘हिणकस’ म्हटलं की तो मोडीत निघतो. दोन्ही शब्द सोनाराच्या पेढीवरचे. काळ्या कसोटीवर दागिना घासायचा, उमटलेल्या रेघेला आम्ल लावायचं. सोनं रेघ धरून राहतं. त्यातलं तांबं विरघळून जातं. हे तांबं म्हणजे हीण.

आता कसोटीशेजारी हॉलमार्क आला आहे. त्यातला 916 हा आकडा सांगतो, की हजार भागांत 916 भाग सोनं आहे, म्हणजे बावीस कॅरेट. उरलेल्या 84 भागांत तांबं, चांदी. चोवीस कॅरेटचं सोनं मऊ, त्याच्या पाटल्या सहज वाकतात. म्हणून हीण घालावंच लागतं. कमी कसाचा दागिना काळवंडतो तो या हिणापायी, सोन्यापायी नव्हे.

सोन्याचा अणू आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, प्राणवायूला ते मिळतच नाहीत. एकट्या नत्राम्लालाही सोनं दाद देत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल जोडीला घेतलं, की मात्र नत्राम्ल इलेक्ट्रॉन ओढतं, क्लोराइड सुटलेल्या अणूला पकडतं आणि सोनं विरघळतं. या मिश्रणाला अम्लराज म्हणतात.

लोखंडाचं उलट. गंज फुगतो, पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. पण त्यात साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम मिसळा. क्रोमियम लोखंडाआधी प्राणवायूशी संयोग पावतं आणि काही नॅनोमीटर जाडीची चिवट साय धरतं. ओरखडा उठला तरी हवा लागताच ती पुन्हा धरते. स्टेनलेस स्टील गंजाला टाळत नाही, त्याचंच चिलखत करतं. एवढी अचाट गोष्ट आपल्या घरातल्या डब्यात रोज घडते! मीठ मात्र ही साय फोडतं, म्हणून लोणच्याला चिनी मातीची बरणी बरी. मिसळ सोन्याचा कस उतरवते, लोखंडाला तारते. तेव्हा हीण या शब्दाला सरसकट हिणवणं बरोबर नाही.

हिंगोलीकरांना स्टेनलेस स्टीलची ही गोष्ट जवळची आहे. औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लिगो-इंडिया वेधशाळेला एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च सुमारे 2,600 कोटी रुपये. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. त्यांत स्टेनलेस स्टीलच्या नळ्या, नळ्यांत निर्वात पोकळी आणि लेझरचा झोत.

17 ऑगस्ट 2017 रोजी अमेरिकेतल्या दोन लिगो वेधशाळांनी आणि इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेने दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली, सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरची. मागून आलेल्या प्रकाशात नव्याने घडलेल्या जड मूलद्रव्यांच्या खुणा होत्या. सोन्यासारखे धातू अशा टकरींत घडतात, याला तिथे भक्कम आधार मिळाला. पुढे अशी टक्कर आकाशात नेमकी कुठे झाली, हे ठरवताना औंढ्याच्या नळ्याही साक्ष देतील.