किल्लारीचा भूकंप आणि आपली घरे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कमिटीने आम्हाला धम्मावर दोन शब्द बोलायला सांगितले होते. परंतु आमच्यानंतर भन्तेजींची देसना आहे, तेव्हा त्या विषयात आम्ही हात घालत नाही. आम्ही गिरणीच्या साचेखात्यात उमेद घालवलेली माणसं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण युनियनच्या वाचनालयात आणि रस्त्यावर. आज आपल्या वाडीत तीन घरकुलांची कामं चालू आहेत, म्हणून आम्ही घराविषयी बोलणार आहोत. घराविषयी आम्हाला जे थोडंफार कळलं ते किल्लारीला कळलं, आणि तेही उशिरा कळलं.

सन १९९३. जानेवारीत मुंबईत दंगल, मार्चमध्ये बॉम्बस्फोट, असं ते वर्ष. आम्ही तेव्हा पंचविशीत, बदली कामगार, गाववाल्यांच्या खोलीत राहत होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. विसर्जन आटोपून माणसं उशिरा निजली, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी अशी गावंच्या गावं बसली. सुमारे आठ हजार माणसं गेली.

आम्ही गिरणीच्या गेटवर पगाराच्या दिवशी चादर पसरली. बदली कामगाराने पाच रुपये टाकले की घरी दोन दिवस भाजी नसायची, तरीही टाकले. इकडे महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून तांदूळ गोळा झाला. चाळीतून कपडे इतके जमले की टेम्पोत माणसांना बसायला जागा राहिली नाही. आम्हाला वाटलं, केवढं मोठं काम केलं!

तिकडे पोचलो तर पाऊस. भूकंपानंतर तिथे पावसाने झोडपलं, आधीच्या चिखलात आणखी चिखल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांचे ढीग पडलेले, गाड्यांची चाकं त्यावरून जात होती. सगळ्या महाराष्ट्राने जुने कपडेच पाठवले होते. आमचं गाठोडं सोडायला लागलो तर एक आजी म्हणाली, "कापडं लई झाली बाबा. पातेलं आणलंय का एखादं? आन् वर टाकायला ताडपत्री?" आमच्याकडे पातेलं नव्हतं, ताडपत्रीही नव्हती. कोकणचा तांदूळ होता, पण ज्वारीची भाकरी खाणारी ती माणसं, आणि भात शिजवायचा तरी कशात? भांडीकुंडी सगळी ढिगाऱ्याखाली. आम्ही निघण्यापूर्वी कुणालाच विचारलं नव्हतं की तुम्हाला काय पाहिजे. त्या आजीसमोर आम्हाला फार लाज वाटली, ती अजून जात नाही. मग टेम्पो सोलापूरला पिटाळला आणि उरलेल्या पैशांतून ताडपत्र्या, पातेली आणि काटवटी आणल्या.

आता माणसं एवढी का मेली ते ऐका. भूकंपाची तीव्रता ६.२ की ६.४, यावर शास्त्रज्ञ बोलतील. आपल्या डोंगरापलीकडे कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला धक्का ताकदीने याहून कमी नव्हता. पोलादपूरकडची जुनी माणसं अजून त्याची आठवण काढतात. तिथे सुमारे १८० माणसं दगावली. डोंगरातली विरळ वस्ती हे त्याचं एक कारण. किल्लारीच्या बाजूला गावं दाट, आणि घरं दगडमातीची. भिंत दोन-अडीच फूट जाड, पण ती एक भिंत नव्हेच. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक थर, मध्ये माती आणि बारीक दगडांचा भराव. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडावर दीड-दोन फूट पांढरी माती. पाऊस गळला की दरवर्षी आणखी माती टाकायची. जमीन हलल्याबरोबर भिंतीचे दोन थर दोन बाजूंना फाकले आणि वरचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. कित्येक ठिकाणी लाकडाचे खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या आणि भिंती तेवढ्या खाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

गावाच्या कडेला मात्र आपली वस्ती बहुतेक उभी! तुराट्यांचे कूड, वर पत्रा किंवा पाचट. पैशाअभावी हलकी राहिलेली घरं. त्या वस्तीतले तरुण पहाटेपासून वाड्यांच्या ढिगाऱ्यातून माणसं ओढून काढत होते. ज्या वाड्यात त्यांना कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्या वाड्यातली माणसं त्यांनी आपल्या हातांनी बाहेर काढली. आणि तिसऱ्या दिवशी वाटपाच्या रांगेत त्यांनाच सांगण्यात आलं की तुमचं घर पडलेलं नाही, तुमच्यात कुणी मेलं नाही, तुम्ही मागे थांबा. एक शेतमजूर आम्हाला म्हणाला, "घर पडलं नाही हे खरं. पण ज्याच्या शेतात मी राबतो तो मालक गेला, त्याचे बैल गेले. मी खायचं काय?" या नुकसानीचा रकानाच कुठल्या यादीत नव्हता.

त्या वेळी काही कामं फार मोलाची झाली, तीही सांगितली पाहिजेत. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. सरकारही बसून राहिलं नाही. जागतिक बँकेचं कर्ज आलं, पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम ठरला. पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागी वसवायची, आणि इतर गावांत जिथल्या तिथे घरं दुरुस्त करायची किंवा नवी बांधायची.

नव्या गावांत घर किती मोठं द्यायचं? इथे उपासकांनी कान देऊन ऐकावं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर असेल त्याला ७५०. माणसं किती हे कुणी मोजलं नाही, जमीन मोजली. घरात आठ माणसं असोत की दोन, सातबारा नाही तर २५०. आता कुणी म्हणेल की ज्याचं मोठं गेलं त्याला मोठं मिळालं, यात काय चुकलं? आम्हीही यावर पुष्कळ वाद घातले आहेत. शेतकऱ्याला बैल बांधायला, कडबा आणि धान्य ठेवायला जागा लागते हे मान्य. परंतु भूमिहीनाला घराची कायदेशीर जागा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्याच वेळी जुन्या गावातली उतरंड फुटपट्टीने आखून काँक्रीटमध्ये पक्की केली, असं आमचं मत आहे. एवढं मात्र खरं की तिथल्या कित्येक कुटुंबांचं पहिलं पक्कं घर हेच. वस्तीतली माणसं या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगतात.

नव्या गावांचे आराखडेही बाहेरून आले. रुंद रस्ते, शहरातल्या कॉलनीसारख्या सरळ रेषा. शेजार तुटला, विहीर लांब पडली. गुबाळला घुमटाच्या आकाराची घरं झाली, ती बघायला अजून लोक जातात. बाणेगावचं काम मलयाळा मनोरमा या केरळच्या वृत्तपत्राच्या मदतीने झालं, त्यात लॉरी बेकर यांच्यासारखा साध्या, स्वस्त घरांचा जाणकार होता. सगळंच वाईट झालं असं नाही.

खरं शिक्षण आम्हाला दुसऱ्या खेपेला मिळालं. १९९७ साली त्या भागात गेलो तेव्हा जागेवरच्या दुरुस्तीची कामं चालली होती. या कार्यक्रमात सुमारे दोन लाख घरं होती, आणि तिथे ठेकेदार नव्हता. पैसे घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्याने, काम पुढे सरकेल तसे. आणि गावोगाव बायका नेमल्या होत्या, त्यांना संवाद सहाय्यक म्हणत. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम उभं केलं. औसा तालुक्यातल्या एका गावात अशी एक बाई भेटली, चौथी शिकलेली. इंजिनिअर बरोबर नव्हता. तिने आम्हाला एका भिंतीपाशी नेऊन दाखवलं की इथे आरपार भोक पाडलं, त्यात आकडा केलेली सळई घातली, काँक्रीट भरलं, आता हे दोन थर एकमेकांचा हात सोडणार नाहीत. माळवदावरची जादा माती उतरवायला लावली, खांब आणि तुळईच्या कोनात तिरके टेकू ठोकले. जुन्या घराचेच दगड, जुनंच लाकूड. दगड वाईट नव्हता, त्याची बांधणी वाईट होती, हे त्या चौथी शिकलेल्या बाईने आम्हाला समजावलं. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच लातूर-उस्मानाबादच्या बायका गुजरातला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव दिला. कपड्यांची गाठोडी नेणारे आम्ही कुठे आणि त्या कुठे!

आता आपल्याकडे येऊ. आपल्या तालुक्यांना डोंगर आणि पाणी या दोघांनी सोडलेलं नाही. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे दरडी आल्या. दासगावची माणसं पुढे कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ जीव गेले. भूकंप नाही, दरड नाही, बांधून दहा वर्षंही झाली नव्हती. २२ जुलै २०२१ ला तळियेत डोंगर खाली आला, ८० हून अधिक माणसं गाडली गेली. त्याच पावसात आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही घरं गेली, माणसं गेली. तळियेची माणसं कंटेनरमध्ये राहिली, आणि म्हाडाकडून पहिली घरं हातात यायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. आपल्या विहारातून तळियेला मदत गेली तेव्हा आम्ही हट्टाने आधी दोन माणसं पाठवली आणि काय पाहिजे ते विचारून घेतलं. तिथेही कपडे भरपूर झाले होते. बॅटऱ्या, चपला आणि मुलांची दप्तरं हवी होती.

घरकुलाचं बोलतो. रमाई आवासचं घरकुल २६९ चौरस फुटांचं. किल्लारीच्या भूमिहीनाला २५० मिळालं होतं, म्हणजे तीस वर्षांत आपण १९ चौरस फूट पुढे आलो! जागा कमी आहे हे आपण मोर्चा काढून सांगू, ते सोडणार नाही. परंतु आहे ते घर कसं बांधायचं हे आपल्या हातात आहे, कारण हप्ता आपल्या खात्यात येतो आणि गवंडी आपण ठरवतो. मागच्या महिन्यात एका घराच्या कामावर आम्ही विचारलं, दरवाजा-खिडकीच्या वर चारी भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा कुठे आहे? गवंडी म्हणाला, "काका, आपल्याकडे कुठला भूकंप? फुकटचा खर्च." अहो, १९९३ पूर्वी सरकारी नकाशात लातूरही सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं! आणि आपण तर कोयनेचे शेजारी. आम्ही हिशेब घालून दाखवला. तीन इंच जाडीचा पट्टा, त्यात दोन सळ्या आणि रिंगा. एवढ्याशा घराला मधली भिंत धरून पावणेदोनशे फूट सळई लागते. त्या घराच्या पुढच्या भिंतीला टाइल्स लावायचं ठरलेलं होतं. घरच्या बाईनेच सांगितलं, टाइल्स राहू देत. पट्टा झाला.

चिऱ्याचं घर असेल तर कोपऱ्यात चिरे एकाआड एक गुंतवून घ्या, दोन भिंती नुसत्या एकमेकींना टेकवून ठेवू नका. आणि घरासाठी डोंगराचा पायथा कापताना हात आखडा. पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो, मग पावसाचं पाणी तिच्या पोटात भरलं की ती खाली येते. वरच्या अंगाला जमिनीला भेग दिसली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर रात्र असली तरी वाडीने उठून इथे विहारात यायचं. विहाराची किल्ली पावसाळ्यात महिला मंडळाकडे राहील, असं कमिटीने कालच ठरवलं आहे.

तिन्ही घरकुलांची कामं बघायला येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता महिला मंडळाच्या भगिनी निघणार आहेत. गवंड्यांनाही बोलावलं आहे. पुरुष मंडळींनी मागून चालावं, पुढे होऊन बोलू नये. टेप आमच्याकडे आहे, ओळंबा कुणाकडे असेल तर त्याने आणावा.

जयभीम. नमो बुद्धाय.