भुलाबाईच्या मैत्रिणी कुठं गेल्या?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण, बोरगाव मेघे)



मी माईक हातात घेतला की तुम्हाला वाटतं, आता ही थकीत हप्ते विचारणार. आज हप्ता नाही विचारत. आज फक्त एक नाव विचारणार आहे.

मागच्या महिन्यात एका गटात कागदपत्रं तपासत होते. एका ताईच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरंच. बँकेत अर्ज अडकला. म्हटलं, सगळ्यांचंच एकदा तपासून घेऊ. मी म्हटलं, "प्रत्येकीनं आपलं शाळेतलं पूर्ण नाव सांगा. वडिलांच्या नावासकट." सगळ्या हसायला लागल्या. एक जण म्हणाली, "आता कायचं नाव अन् कायचं गाव मॅडम!" पण मग एकेक सांगू लागली. एका मावशीनं आपलं नाव सांगितलं आणि ती गप्पच झाली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही वं बाई. माय गेल्यापासून हे नाव कोणी घेतलंच नाही."

बैठक संपली, सतरंजी गुंडाळली, तरी मावशी थांबूनच होती. हळूच म्हणाली, "तुमच्या मोबाईलमधी माणूस सापडते म्हणते. माह्या गल्लीतली एक मैत्रीण सापडन का?"

तिच्या परवानगीनं ही गोष्ट सांगते आहे. नाव मात्र सांगत नाही.

मी फेसबुकवर शोधलं. कोणी सापडलं नाही. सापडणार कसं? मावशीला मैत्रिणीचं माहेरचं नाव माहीत, सासरचं नाही. मग मोबाईल ठेवला आणि जुनी पद्धत धरली. मावशीला म्हटलं, तिची आई आहे का? म्हणाली, असन तर गल्लीतच असन. रविवारी आम्ही दोघी गेलो. म्हातारी ओट्यावरच बसलेली होती. तिनं मावशीला आवाजावरून ओळखलं. घरात नेलं, चहा केला, भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलेला नंबर दाखवला. लेक पुलगावला दिलेली. पुलगाव! इथून गाडीत बसलं की तासाच्या आत. सत्तावीस वर्षं दोघी एका तासाच्या वाटेवर होत्या आणि एकमेकींना माहीत नव्हतं.

तिथूनच फोन लावला. तिकडून आवाज आला, "कोन?" मावशीनं लहानपणीचं लाडाचं नाव सांगितलं. थोडा वेळ काहीच नाही. मग तिकडून, "अवं, जित्ती हायेस का वं तू?" आणि दोघी हसता हसता रडायला लागल्या. म्हातारी पण रडली, मी पण.

आता मला सांगा, ह्या दोघी एकमेकींना विसरल्या होत्या का? नाही. मग सत्तावीस वर्षं का गेली?

माझंच उदाहरण देते. आमच्या दहावीच्या वर्गाचं स्नेहमिलन ठरलं. मुलांची यादी दोन दिवसांत तयार झाली. मुलींची महिनाभरात अर्धी पण झाली नाही. मुलाचं आडनाव तेच, घर तेच, पानठेल्यावर विचारलं तरी पत्ता लागतो. मुलीचं लग्न झालं की गाव बदलतं, आडनाव बदलतं, कुठं कुठं तर पहिलं नावसुद्धा बदलतात. फोन नवऱ्याच्या नावावर. माहेरी गेली तर दोन दिवस, तेही भाऊ-भावजयीच्या सोयीनं. मैत्रिणी नुसत्या सुटत नाहीत, त्यांचा पत्ताच पुसला जातो.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ जणींना माहीत नाही. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदलायलाच पाहिजे, असा कायदा नाही. आणि आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव असं लिहायचं ठरलं आहे. आईचं नाव कागदावर आलं. आता आपलं नाव आपल्या तोंडात पण येऊ द्या.

मी इथलीच, बोरगाव मेघेची. आमच्या ओळीत आम्ही पाच जणी होतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी बसवायचो. मग कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी गाणी. गाणी संपली की डबा वाजवून खाऊ ओळखायचा. कोणाच्या घरी फुटाणे, कोणाच्या घरी भिजवलेली डाळ. एकीकडे परिस्थिती अशी होती की दोन दिवस नुसता गूळच. आम्ही ओळखूनही मुद्दाम चुकीचं सांगायचो, म्हणजे तिच्या आईला वाटू नये की पोरींना आधीच माहीत आहे. आठ-नऊ वर्षांच्या होतो आम्ही. एवढी समज तेव्हा कुठून आली, देव जाणे. गाणी पण कशाची? सासर-माहेराची. सासर काय ते माहीत नसताना गात होतो.

त्या पाचांतल्या एकीच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली. ती सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही.

खूप शोधून तिचा नंबर मिळाला. मला इतका आनंद झाला की तिला न विचारता मी तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. रात्री अकरा वाजता वर्गातल्या पोरांचे मेसेज सुरू, "ओळखलं का?" चांगल्या मनानं पाठवले असतील. पण फोन नवऱ्याच्या हातात होता. घरी भांडण झालं, तिचा फोन काढून घेतला. दोन महिने ती बोलली नाही. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, गावोगाव महिलांच्या सुरक्षेवर बोलणारी, आणि एवढं साधं मला सुचलं नाही. शेवटी आईला सोबत घेऊन तिच्या सासरी गेले. माफी मागितली. आई तिच्या सासूजवळ बसली, दोघींच्या गुडघेदुखीच्या गप्पा झाल्या. सगळं काही गोड झालं, असं सांगणार नाही. पण आता रविवारी दुपारी तिचा फोन येतो. मागच्या वेळी म्हणाली, "तू बोलली का मले वाटते, मी कोणाची तरी बायको होण्याच्या आधी पण कोणीतरी होती."

म्हणून सांगते, शोधा. पण जपून शोधा.

एक, सुरुवात जुन्या गल्लीतून करा. मैत्रिणी गेल्या, पण त्यांच्या आया, काकू अजून ओट्यावर आहेत. प्रत्येक लेकीचा नंबर त्यांच्याकडे असतो आणि दिवसभर कोणी बोलायला नसतं. मैत्रीण नाही मिळाली तरी त्या म्हातारीजवळ घटकाभर बसा.

दोन, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आपली माहेरची नावं आहेत. कोणाचं नाव आठवत नसेल तर मुख्याध्यापकांना भेटा. आणि आपल्या सीआरपीताई, आशाताई, अंगणवाडीताई गावागावांत आहेत. त्यांच्या कानावर घाला.

तीन, पहिला फोन बाईनंच करावा, दुपारी करावा. तिला बोलायला जमतं का, ते आधी विचारावं. तिनं हो म्हटल्याशिवाय नंबर कोणालाच द्यायचा नाही. ती त्रासात आहे असं वाटलं तर १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर तिला तोंडी सांगून ठेवा. मेसेज करू नका.

चार, फेसबुकवर कोणी "मी तुझी जुनी मैत्रीण" म्हणून पैसे मागितले तर आधी गल्लीतलंच काहीतरी विचारा. विहीर कोणाच्या घरामागं होती? भुलाबाई कोणाकडे बसायची? उत्तर आलं नाही तर एक रुपया पाठवू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

पाच, पहिल्याच भेटीत उसने पैसे, जामीन, साडीचा धंदा काढू नका. आधी नुसतं भेटा.

कोणी म्हणेल, भेटायला जायला पैसे कुठून? १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. दवाखान्यासाठी, लग्नासाठी, बाजारासाठी आपण ते वापरतोच. एकदा मैत्रिणीसाठी वापरून पाहा.

सगळ्यांनाच सापडेल असं नाही. एका ताईनं शोधलं तर मैत्रीण तीन वर्षांपूर्वीच वारलेली होती. ताई तरी तिच्या लेकीला भेटून आली. लेकीला म्हणाली, तुझी माय झाडावर चढायची, माहीत आहे का? लेकीला माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

आपण पंचसूत्री म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. पैशाची बचत आपण शिकलो. माणसांची बचत आपण लहानपणीच केली होती, त्या गल्लीत, त्या ओट्यावर. ते पासबुक फक्त हरवलं आहे.

तर पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढंच करा. हजेरी घेताना प्रत्येकीनं आपलं शाळेतलं नाव सांगायचं आणि एका मैत्रिणीचं नाव सांगायचं. सचिवताई, वहीच्या मागच्या पानावर ती नावं लिहून ठेवा. वही गटाबाहेर जाऊ देऊ नका. भाद्रपद पौर्णिमा जवळ आली आहे. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव इथंच, ह्याच हॉलसमोर घालू. दूध संघाकडून. खाऊचा डबा मी आणते, ओळखायचा तुम्ही. ज्यांना मैत्रीण सापडली त्यांनी तिला घेऊन या. ज्यांना नाही सापडली त्यांनी एकट्या या, आम्ही आहोत.

जास्त वेळ घेतला, त्याबद्दल माफ करा. आणि हो, थकीत हप्ते मी चहानंतर विचारणारच आहे.