हौसेचे मोल



या व्यासपीठावरून आपण इतकी वर्षे वेदान्त ऐकलात, अर्थकारण ऐकलेत, नाट्यसंगीताची चर्चा ऐकलीत. आज त्या पंक्तीत एक जुनी, तेलकट जीपगाडी येऊन बसते आहे. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा "जुन्या जीपची हौशी दुरुस्ती" असे आम्ही जरा चाचरतच सांगितले. ते म्हणाले, "दुरुस्ती गॅरेजात होते, व्याख्यानात काय होणार?" प्रश्न रास्त होता. पण दुरुस्तीच्या निमित्ताने माणसाला जे कळते ते गॅरेजाबाहेर सांगता येण्याजोगे असते, अशी आमची समजूत आहे. ती खरी की खोटी, हे तासाभराने आपणच ठरवावे.

प्रथमच सांगून टाकतो की आम्ही यंत्रज्ञ नव्हे. पेशा मास्तरकीचा. बारा वर्षांपूर्वी एका बागाईतदाराच्या गोठ्यामागे कडब्याखाली झाकलेली एक जीप दिसली आणि आम्ही ती विकत घेतली. घरच्या मंडळींनी विचारले, "हिचे करायचे काय?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी आजही उत्तर नाही. हौसेला मोल नसते, एवढे बोलून आम्ही वेळ मारून नेली. आजच्या बोलण्याचा रोख याच म्हणीवर आहे.

ही गाडी जन्मली युद्धात. १९४० साली अमेरिकी सैन्याला एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बॅंटम नावाच्या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेऊन पहिला नमुना त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सैन्याच्या हवाली केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपले, सैन्ये परतली, आणि मागे उरलेल्या जीपगाड्या आपल्या देशातही मोडीच्या भावाने विकल्या गेल्या. १९४९ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५३ साली विलीजने उंच बॉनेटची सीजे-३बी ही जात काढली, आणि तीच पुढे आपल्याकडे कित्येक दशके बनत राहिली. कालव्यांवरचे इंजिनियर, तालुक्याचे अधिकारी, निवडणुकीचे उमेदवार आणि लग्नाची वऱ्हाडे या सर्वांना तिने खांद्यावर वाहिले. आमची गाडी याच जातीची आहे.

बॉनेट उंच का, हे कळले की या गाडीचा स्वभाव कळतो. जुन्या युद्धकालीन इंजिनात आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या दोन्ही झडपा सिलिंडरच्या शेजारी, ठोकळ्यातच बसवलेल्या होत्या. नव्या इंजिनात आत घेणारी झडप वर, डोक्यात नेली. बाहेर सोडणारी खालीच ठेवली. त्यामुळे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण अधिक मोकळेपणी आत जाऊ लागले, ताकद साठ अश्वशक्तीवरून बहात्तरावर गेली, पण इंजिनाची उंचीही वाढली. ते झाकण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. गाडीला उंची आली ती गरजेतून. या गाडीत शोभेसाठी केलेले असे काहीच नाही, आणि म्हणूनच आमच्यासारख्या अडाण्यालाही ती समजू शकते. चार सिलिंडर, एक कार्बुरेटर, एक डिस्ट्रिब्यूटर. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटांमध्ये एक इंचाचा पन्नासावा भाग, म्हणजे वीस हजारांश, इतकी फट ठेवायची. पोलादी पट्टी त्या फटीतून किंचित अडखळत गेली पाहिजे. ते अडखळणे बोटांना कळायला आम्हांला दोन महिने लागले.

समजणे आणि येणे यांत मात्र अंतर आहे. पहिल्याच आठवड्यात आम्ही डाव्या बाजूचे चाक काढायला बसलो. नट हलेना. पान्याला लोखंडी नळी लावली, तिच्यावर उभे राहिलो. कडाड् आवाज झाला आणि नटासकट बोल्टच तुटून हातात आला. शेजारच्या गॅरेजातले वृद्ध मिस्त्री हे सारे शांतपणे पाहत होते. ते म्हणाले, "मास्तर, डावीकडचे आटे उलटे असतात. तुम्ही इतका वेळ नट आवळत होता." चाक फिरताना नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून त्या काळच्या बांधणाऱ्यांनी डाव्या चाकांना उलटे आटे दिले होते. शाळेत आम्ही मुलांना सांगतो की आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. त्या दिवशी तो धडा आम्ही साठ रुपयांच्या बोल्टावर शिकलो. तेव्हापासून मिस्त्री आमचे गुरू झाले.

गुरूंच्या हाताखाली पुष्कळ शिकलो. गिअरबॉक्स आणि त्याच्या मागचा चार चाकांना ताकद वाटून देणारा डबा एकमेकांना चिकटून असतात. मधले सील झिजले की एकातले तेल दुसऱ्यात पाझरते. एक भरलेला दिसतो, दुसरा कोरडा पडून गिअर खाऊ लागतो. म्हणून पातळी पाहायची ती दोन्हींची. चारही चाकांची ओढ कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून ठेवायची नाही, हेही तेव्हाच कळले. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरून हा हिशेब भागवते. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, आणि सारा पीळ दांड्यांत व गिअरांत साठत जातो.

सुट्या भागांचे म्हणाल तर पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार ही आमची तीर्थक्षेत्रे झाली. नवे बनवलेले भागही मिळतात. काही चांगले, काही चकचकीत आणि निकामी. हळूहळू आम्हांला एक वेड लागले. भाग जुनाच पाहिजे, मूळ कारखान्याच्या ठशाचा पाहिजे. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात जाणकार मंडळी वाकून वाकून ठसे वाचतात, आणि "वा, अस्सल आहे!" म्हणतात. त्या एका शब्दासाठी हौशी माणूस काय करील याचा नेम नाही. आम्ही काय केले ते आता सांगतो.

पाच वर्षांपूर्वी आम्ही ब्रेकचे काम स्वतः काढले. चारही चाकांतले रबरी वॉशर बदलले, लायनिंगे नवी लावली. पुढच्या डाव्या चाकाकडे जाणारी रबरी नळी, म्हणजे ज्याला होज पाइप म्हणतात तो, मात्र जुनाच ठेवला. त्यावर मूळ ठसा स्वच्छ वाचता येत होता. कुठे चीर नाही, फुगवटा नाही. मिस्त्री म्हणाले होते, "हाही बदला." आम्ही म्हणालो, "चांगला दिसतोय की." ब्रेक ऑइलही चार वर्षे बदललेले नव्हते.

पुढे मार्गशीर्षात पुतण्याला आणि त्याच्या दोन मुलांना घेऊन आम्ही भोरवरून वरंधा घाटाने महाडकडे निघालो. वाटेत गाडी किंचित डावीकडे ओढत होती. भोरला चहाला थांबलो तेव्हा डाव्या चाकाला हात लावला, तर चटका बसला. त्याच क्षणी गाडी वळवायला हवी होती. पण माणूस स्वतःच्या कामाचा वकील असतो. बेअरिंग नवे आहे, घट्ट बसले असेल, असा युक्तिवाद आम्ही आमच्याशीच केला आणि पुढे निघालो.

घाट उतरू लागलो. जळकट वास आला. एका वळणाच्या आधी पाय दाबला आणि पेडल थेट फळीला टेकले. पुतण्या म्हणाला, "काका, ब्रेक लावा ना!" समोरून एक मोटरसायकल वर येत होती, टाकीवर एक लहान मूल बसलेले होते. आम्ही तिसऱ्यातून दुसरा गिअर खेचला. इंजिन किंचाळले. हातब्रेक हळूहळू ओढत आणला. या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या दांड्यावर असतो, तेलाशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो शाबूत होता. डाव्या अंगाला डोंगर होता; चाक कडेच्या गटारात घातले आणि गाडी थांबली. मोटरसायकल बाजूने निघून गेली. त्या मुलाने आम्हांला हात हलवून दाखवला. तो हात अजून आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तासाभराने पेडल पुन्हा कडक झाले. पुतण्या म्हणाला, "सुधारला की ब्रेक!" यंत्राच्या बाबतीत यापेक्षा धोक्याचे वाक्य नाही. जे कारण न कळता बिघडले आणि कारण न कळता सुधारले, ते पुन्हा बिघडणारच. मुलांना पुतण्याबरोबर एस.टी.त बसवून दिले. आम्ही चार चाकांची ओढ, खालची पट्टी आणि पहिला गिअर लावला. या जोडणीत चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे सुमारे सदतीस फेरे होतात. इंजिनच गाडीला धरून ठेवते. पीळ साठू नये म्हणून जमेल तिथे दोन चाके कडेच्या मातीत ठेवली, आणि माणसाच्या चालीने खाली उतरलो. महाडला गाडी ठेवून घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना एस.टी.ने घेऊन पुन्हा गेलो. सत्तरी ओलांडलेला तो माणूस पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन सबंध प्रवासात एक अक्षर बोलला नाही.

त्यांनी डावे चाक जॅकवर उचलले. पेडल एकदा दाबून सोडायला सांगितले. चाक हाताने फिरेना. मग त्यांनी रबरी नळीच्या वरचा, मास्टर सिलिंडरकडचा सांधा ढिला केला. चाक तरीही अडकलेलेच. तो पुन्हा आवळून त्यांनी खाली चाकाजवळचे निपल उघडले. तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे फिरू लागले. "दोष या दोहोंच्या मध्ये आहे," ते म्हणाले, "आणि मध्ये तुमचा अस्सल पाइप आहे." त्यांनी तो काढला आणि सुरीने उभा चिरला. बाहेरून सुबक, आतून सुजलेला. सुई जाईल एवढेच भोक उरले होते. पायाच्या जोराने तेल चाकाकडे जाई, पण परत येताना मागे जोर नसल्यामुळे अडकून राही. शू ड्रमला घासत राहात, ड्रम तापे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. साधे ताजे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की तेच १४० अंशांच्या सुमारास उकळू लागते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. या गाडीत चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर आणि एकच तेलाचा मार्ग, म्हणून एका चाकात वाफ झाली की सगळ्यांचाच ब्रेक जातो. तासाभरात थंड होऊन वाफेचे तेल झाले, तेव्हा पेडल परत आले. कोडे सुटले.

मिस्त्री रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्तर, सगळे रबर बदललेत, मग हा एक पाइप कोणासाठी ठेवलात?"

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला माहीत होते आणि ते देण्याची लाज वाटत होती. ठसे वाचणाऱ्यांच्या "वा!"साठी ठेवला होता. हौसेला मोल नसते म्हणतात. मोल असते, पण ते नेहमी हौशी माणसाच्याच खिशातून जाते असे नाही. त्या दिवशी ते टाकीवर बसलेल्या मुलाकडून वसूल झाले असते.

जुने ते जसेच्या तसे जपावे, या मताला आमचा विरोध नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी निराळ्या नोंदणीचे नियम केले. अशी गाडी प्रदर्शनाला, मेळाव्याला, दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. या भेदात शहाणपण आहे, असे आम्हांला वाटते. संग्रहालयातल्या तलवारीला धार नसली तरी चालते. जी गाडी घाट उतरणार आहे, तिच्यात अस्सलपणाचा मान ठशाला नसून, जे काम त्या भागाने करायचे त्या कामाला आहे. आमच्या गाडीला आता दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आहे. पुढच्या चाकांचे तेल गेले तर मागची दोन तरी धरतील. मेळाव्यात यासाठी आमचे गुण कापले गेले. आम्ही ते आनंदाने दिले.

आणि एक वही ठेवली आहे. कोणता भाग कधी बदलला, कोणत्या चाकाला ऊब लागली, कोणता आवाज कुठल्या गिअरात येतो, हे सारे तिच्यात लिहितो. मिस्त्री बोलतात आणि आम्ही लिहून घेतो, कारण त्यांच्या बोटांतली विद्या कोणत्याही छापील पुस्तकात आम्हांला सापडली नाही. त्यांचा मुलगा संगणकावर दोष शोधणाऱ्या नव्या गॅरेजात कामाला आहे. त्याचे काही चुकले नाही. नव्या गाड्यांना तीच विद्या लागते. पण निपल आधी उघडायचे की सांधा, आणि का, हे सांगणारा मनुष्य उद्या नसेल तेव्हा ही वही असावी.

चिरलेला पाइप आम्ही येताना बरोबर आणला आहे. तो इथे मेजावर ठेवतो. सभा संपल्यावर ज्यांना पाहावासा वाटेल त्यांनी अवश्य पाहावा. ठसा अजून स्वच्छ वाचता येतो.