निवाऱ्याची नेमणूक



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, होळकरशाहीच्या इतिहासावर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. मला निमंत्रण देताना कार्यवाहांनी 'विषय तुमच्या आवडीचा घ्या' असे सांगितले. मराठीचा निवृत्त प्राध्यापक फार तर लीळाचरित्रावर बोलेल, असा त्यांचा कयास असावा. त्यांची थोडी निराशा होणार आहे. बेघर माणसांच्या निवाऱ्यासाठी महानगरपालिकेने करावयाच्या खर्चाविषयी मी आज बोलणार आहे. लीळाचरित्राला मधून एकदा स्पर्श होईल, तेवढ्यावर त्यांनी समाधान मानावे.

हा विषय मला सुचला तो ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुजींमुळेच. १९६४-६५ साली मी आठवीत होतो. आपल्या शाळेची मागची ओसरी त्या वेळी गल्लीकडे उघडी होती. दिवाळी उलटली आणि माळव्यातली थंडी पडू लागली की रात्री तेथे माणसे निजायला येत. सियागंजातले हमाल असत, रोग्याबरोबर निमाडातून आलेले नातेवाईक असत, आणि एक म्हातारी असे, जिचे गाव कोणालाच ठाऊक नव्हते. एका पहाटे त्यांतला एक माणूस उठलाच नाही. पोलीस आले, पंचनामा झाला. नावाच्या जागी 'अज्ञात' असे लिहिले गेले. गुरुजी त्या दिवशी वर्गात आले ते शिकवू शकले नाहीत. पुस्तक उघडून ते तसेच बसून राहिले, हे मला स्पष्ट आठवते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वही घातली. तिच्यावर 'मुक्कामाची वही' असे लिहिलेले होते. रात्री येणाऱ्याचे नाव, गाव, काम, दुखणे काय, कळवायचे कोणाला, अशी पाच घरे आखलेली. वही भरण्याचे काम आम्हा मोठ्या मुलांकडे पाळीपाळीने असे. माझे अक्षर बरे, म्हणून माझी पाळी जरा जास्त वेळा येई. पुढे कार्यकारी मंडळाशी भांडून गुरुजींनी शाळेच्या जमाखर्चात एक बाब घालून घेतली: 'ओसरी खर्च'. वर्षाला एकशे वीस रुपये. त्यात रखवालदाराला महिना पाच रुपये, बाकी घासलेट आणि पोती. रक्कम क्षुल्लक होती. पण ती दरवर्षी होती आणि तिच्यासाठी दरवर्षी कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. या एकाच गोष्टीवर मला आज भर द्यावयाचा आहे.

आता थोडे शब्दांविषयी. आपल्या परंपरेत घर सोडलेल्या माणसाला मोठा मान आहे. गीतेने 'अनिकेत' हे भक्ताचे लक्षण म्हणून सांगितले. लीळाचरित्रात चक्रधरस्वामी गावोगाव फिरतात, देवळात, मठात उतरतात. त्या मुक्कामाला 'बीढार' असा शब्द येतो. आपले 'बिऱ्हाड' त्याच कुळातले. परंतु हा सारा गौरव स्वेच्छेने घर सोडणाऱ्याचा. ज्याला घर मिळालेच नाही किंवा ज्याचे गेले, त्याच्यासाठी आपल्याजवळ आदराचा शब्द नाही. फिरस्ता, भणंग, निराश्रित. कायद्याच्या भाषेत तर त्याहून वाईट. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याने, उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही भिकाऱ्यात गणले आणि भिकारी हा अपराधी ठरविला. हा कायदा दिल्लीलाही लावला गेला. तेथील उच्च न्यायालयाने त्यातील बरीचशी कलमे घटनाबाह्य ठरविली ती २०१८ साली.

आपल्या शहरात निवाऱ्याला 'रैन बसेरा' म्हणतात. 'रैन' म्हणजे रजनी, रात्र. शब्द गोड आहे, पण तो माणसाला सकाळी उठवून बाहेर काढतो. रात्रपाळी करून आलेल्या पहारेकऱ्याने कोठे निजावे? तापाने फणफणलेल्या माणसाने सूर्योदयाला कोठे जावे? २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने निवारे चोवीस तास आणि वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवावेत असे म्हटले, तेव्हा एका अर्थाने त्याने शब्दाचीच दुरुस्ती केली. त्या आदेशामागची घटनाही सांगण्यासारखी आहे. २००९ च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, दिल्लीतील पुसा मार्गावरील एक तात्पुरता निवारा पाडण्यात आला. अन्नाच्या अधिकाराचा खटला न्यायालयात आधीपासून चालू होता. त्यातील आयुक्तांनी पत्र लिहून ही गोष्ट न्यायालयाच्या कानावर घातली. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत दर लाखामागे एक निवारा, हा दंडक त्यातून आला.

आपण इंदूरकर म्हणून अहिल्याबाईंचे नाव घेतल्याशिवाय धर्मशाळेविषयी बोलूच शकत नाही. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, हे आपण शाळेत पाठ केले. मात्र वास्तूंकडे पाहताना त्यांच्यामागची व्यवस्था आपल्या नजरेतून सुटते. हा खर्च मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून होई, आणि अन्नछत्रासाठी वार्षिक नेमणूक बांधून दिलेली असे. 'नेमणूक' या शब्दाचा आज आपण नोकरीशी संबंध जोडतो. जुन्या कागदांत तो ठरलेल्या वार्षिक रकमेचा वाचक आहे. मध्य भारतात संस्थान विलीन झाले तेव्हा खासगीच्या उत्पन्नाबद्दल वार्षिक सुमारे २ लाख ९२ हजार रुपये या धर्मकार्यासाठी कायमचे बांधून देण्यात आले. रुपयाची किंमत पुढे उतरली आणि ती रक्कम तुटपुंजी झाली, हे खरे. पण ती बांधून देणाऱ्यांना एवढे कळत होते की भिंती उभारल्याने धर्मशाळा चालत नाही. तेथे रोज दिवा लावणारे कोणी लागते आणि त्याला पगार लागतो.

या धर्मशाळांचे मी नुसते गोडवे गाणार नाही. त्या यात्रेकरूंसाठी होत्या, दरिद्री माणसासाठी नव्हत्या. आणि जात विचारल्यावाचून दार उघडत नसे अशा जागा थोड्या नव्हत्या. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या त्या ही उणीव डोळ्यांपुढे ठेवूनच. स्वतः मात्र ते खापर आणि चिंध्या घेऊन उघड्यावर राहिले.

आता आजची नेमणूक पाहू. २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झाले आणि त्यात बेघरांच्या निवाऱ्याची स्वतंत्र योजना आली. कागदावर ती चांगली होती. लाख वस्तीमागे किमान शंभर माणसांची कायम सोय, दर माणशी पन्नास चौरस फूट जागा, पाणी, न्हाणी, स्वयंपाकाची जागा, स्त्रियांसाठी व म्हाताऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था, शिवाय ओळखपत्र, शिधापत्रिका, दवाखाना यांच्याशी जोडून देण्याचे काम. पन्नास माणसांच्या निवाऱ्याला चालविण्यासाठी वर्षाला सहा लाख रुपये, तेही पाच वर्षे. आरंभी यातला पाऊण वाटा केंद्राचा, उरलेला राज्याचा. पाच वर्षांनंतर? नंतर स्थानिक संस्थेने आपले पाहावे.

मी वाङ्मयाचा विद्यार्थी. गणितात मला पहिल्यापासून गती नाही. तरी हा हिशेब मी कागदावर मांडला. सहा लाखांना पन्नास माणसांनी आणि तीनशे पासष्ट दिवसांनी भागले की एका माणसामागे दिवसाला सुमारे तेहतीस रुपये येतात. दिवसरात्र निवारा उघडा ठेवायचा तर तीन पाळ्यांना तीन माणसे हवीत. त्यांना महिना दहा हजार रुपये दिले तर वर्षाचे ३ लाख ६० हजार झाले. उरले २ लाख ४० हजार, म्हणजे दर माणशी रोजचे तेरा रुपये. त्यात वीज, पाणी, झाडलोट, पांघरुणे धुणे, औषध आणि दुरुस्ती. आजारी माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात नेण्याचे भाडे कशातून द्यायचे, असा प्रश्न काळजीवाहकाला पडला तर त्याने काय करावे? तो आजारी माणसाला आत घेण्याचेच टाळतो. निर्दयता नेहमीच मनातून येते असे नाही. पुष्कळदा ती जमाखर्चाच्या रकान्यातून येते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पैसा कमी होता हे खरे, पण जो होता तोही सर्वत्र खर्च झाला नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निधी उपलब्ध असूनही प्रत्यक्षात फारसे काम झाले नाही, असे नोंदवून न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पैसा आहे आणि निवारा नाही, हे कसे घडते? जागा महापालिकेची, योजना केंद्राची, वाटा राज्याचा. तिघांपैकी कोणाच्याही घरची ती पहिली चिंता नाही. बेघराला पत्ता नाही, म्हणून बहुधा त्याचे नाव मतदारयादीत नाही, आणि म्हणून त्याचा नगरसेवकही नाही. २००१ च्या जनगणनेत शहरांतील बेघरांची संख्या ७ लाख ७८ हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती ९ लाख ३८ हजारांवर गेली. आणि ही मोजणी फेब्रुवारी महिन्यातील एका रात्रीत उरकलेली. त्या रात्री जो सापडला तो मोजला गेला.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, १९९२ साली, बारावे परिशिष्ट जोडून नागरी दारिद्र्यनिर्मूलन हे नगरसंस्थांकडे सोपविता येईल अशा कामांत घातले. 'सोपविता येईल', सोपविले नव्हे. काम खाली आले, पण पैशाची वाट आधीच आखडली होती. आपल्या राज्यात जकात १९७६ साली उठली. तिच्याऐवजी राज्याकडून चुंगी-क्षतिपूर्ती येऊ लागली. दुसऱ्याच्या हाताने जेवणारी संस्था प्रथम आपल्या कर्मचाऱ्यांचे पगार भागवते, यात नवल नाही. आणि २०२४ च्या सप्टेंबरात त्या अभियानाची मुदतही संपली. आज एक योजना, उद्या दुसरी. नाव बदलते, कालमर्यादा मात्र असतेच. थंडीला कालमर्यादा नसते.

तरीही इंदूरसारख्या शहराला हे झेपणार नाही, हे मी मान्य करीत नाही. २०११ च्या गणनेप्रमाणे आपली वस्ती सुमारे वीस लाख. त्या मानाने दोन हजार माणसांची सोय, म्हणजे पन्नासांचे चाळीस निवारे. सहा लाखांच्या दराने वर्षाला दोन कोटी चाळीस लाख. दर दुप्पट केला, आणि तो करायलाच हवा, तरी पाच कोटींच्या आत. ज्या महापालिकेचे अंदाजपत्रक हजारो कोटींचे असते, तिला ही रक्कम जड नाही. मागणी एवढीच, की ती स्वतःच्या उत्पन्नातून, स्वतंत्र शीर्षाखाली, दरवर्षी असावी.

असे का म्हणतो? २९ जानेवारी २०२१ हा दिवस आपण कोणी विसरला नसाल. २०१७ पासून ओळीने देशातील सर्वांत स्वच्छ ठरत आलेल्या या शहरात, महापालिकेच्या गाडीत बेघर म्हाताऱ्या माणसांना घालून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ रस्त्याच्या कडेला उतरविण्यात आले. गावकऱ्यांनी हटकले, चित्रण केले, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत चढविण्यात आले. एक अधिकारी निलंबित झाला, काही कर्मचारी घरी गेले. शिक्षा योग्यच. पण ते दृश्य पाहताना मला संताप आला त्याहून अधिक लाज वाटली, आणि त्याचे कारण मी आज प्रथमच जाहीरपणे सांगतो आहे.

१९९४ साली मी या शाळेच्या कार्यकारी मंडळावर होतो. गुरुजींना जाऊन काही वर्षे झाली होती. शाळेत नवे संगणक आले होते, चोरीची भीती होती, पालकांच्या तक्रारी होत्या. मागच्या ओसरीला लोखंडी जाळी बसवावी, असा ठराव आला. त्याला अनुमोदन मी दिले. त्याच बैठकीत 'ओसरी खर्च' ही बाब 'अनावश्यक' म्हणून वगळली गेली, तेव्हा कोणी बोलले नाही, मीही नाही. त्या ओसरीवर त्या वर्षी कोण निजत होते, हे मी विचारले नाही. ज्याने मुक्कामाची वही स्वतःच्या अक्षरात भरली होती, त्याने!

मागल्या पौषात मी सरवटे बसस्थानकाच्या बाजूला दोन-तीन रात्री जाऊन आलो. एक हातगाडीवाला गाडीखाली निजला होता. निवारा जवळच होता. तेथे का जात नाही, असे विचारले तर म्हणाला, "बाबूजी, गाडी बाहर रही और कोई ले गया, तो सुबह क्या खींचूँगा?" योजनेच्या पन्नास चौरस फुटांत त्याच्या गाडीला जागा नव्हती. पुढे एका दुकानाच्या पायरीवर मायलेकी होत्या. त्यांना मी काही विचारले नाही. त्यांनी मला पाहताच बोचके जवळ ओढले.

या सभागृहात महापालिकेत काम केलेले, करीत असलेले माजी विद्यार्थी आहेत. लेखापाल आहेत, वकील आहेत. मार्चच्या सुमारास अंदाजपत्रक सभागृहापुढे येते. त्यात निवाऱ्याच्या चालू खर्चासाठी पालिकेची स्वतःची रक्कम किती, आणि गेल्या वर्षीची किती खर्च झाली, एवढे दोन आकडे दरवर्षी मागण्याचे काम आपल्यापैकी चार-पाच जणांनी अंगावर घ्यावे. मी अर्ज लिहून देईन. अक्षर अजून बरे आहे.

शाळेविषयीही एक विनंती मी कार्यवाहांकडे लेखी दिली आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री आठनंतर मागच्या जाळीचे कुलूप काढावे, एक रखवालदार ठेवावा, आणि 'ओसरी खर्च' ही बाब जमाखर्चात पुन्हा घालावी. पहिल्या वर्षाची रक्कम मी देईन, पण दुसऱ्या वर्षापासून ती शाळेची असावी. मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे. मुक्कामाची जुनी वही ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात सापडली. पहिली चार पाने वाळवीने खाल्ली आहेत, बाकी वाचता येते.