प्रश्नास पारितोषिक
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा गुणगौरव झाला, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु ही सारी पारितोषिके उत्तरांस मिळाली. चांगला प्रश्न विचारणाऱ्यास आपल्या मंडळाने अद्याप एकही दिलेले नाही.

प्रकल्पपद्धती काही नवी नव्हे. अमेरिकेतील किलपॅट्रिक यांनी १९१८ साली तिच्यावर निबंध लिहिला, आणि १९३७ साली वर्ध्यास गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. आमचे म्हणणे एवढेच की, तिची सामग्री आपल्या दारात आहे.

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात शके ९८२ असा काल आहे. इसवी सन पाठ करविण्याऐवजी मुलासच त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवू द्यावेत. मग तो आपण होऊन विचारील, एवढा काळा पाषाण आणला कोठून? त्याने भोवतालच्या टेकड्यांचा खडक ताडून पाहावा. देवळाशेजारून वाहणारी वालधुनी नदी म्हणावी की नाला? देवळापाशी, उल्हासनगरात आणि उल्हास नदीस मिळण्यापूर्वी, अशा तीन ठिकाणच्या पाण्याचा रंग, वास व आम्लता वर्गाने नोंदवावी. बाटल्या मात्र शिक्षकांनीच भराव्यात. त्या पाण्यात मुलांनी हात घालू नये. हे वाक्य आम्हांस उच्चारावे लागते, यातच त्या नदीची कथा आली.

बदलापूरकरांस २६ जुलै २००५ चा पूर सांगावयास नको. २०१९ च्या जुलैत तर वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसच पाण्यात अडकली होती. आपल्या आळीत पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, हे मुलांनी आजी-आजोबांस विचारून नकाशावर रेघ ओढावी. दोन आज्यांची उत्तरे जुळणार नाहीत. तेव्हा मूल भिंतीवरील खूण शोधू लागेल, तिसऱ्या घरी जाईल, आणि खरा अभ्यास तेथे सुरू होईल. उद्या घर कोठे बांधावे, हे ज्यांस ठरवावयाचे आहे त्यांच्या हाती असा नकाशा असणे अगत्याचे आहे.

सांप्रत प्रकल्प दुकानात तयार मिळतो, आणि न मिळाल्यास वडील रात्री जागून चिकटवितात. गुण मुलास, जागरण वडिलांस!

तेव्हा पुढील वर्षापासून आपल्या गावाविषयीच्या अशा एका शोधास पारितोषिक असावे, ही आमची सूचना. जेवणावळीतील एक मिष्टान्न कमी केले तरी खर्च निघेल. पालकांनी हात लावू नये, ही एकच अट. सूचना कार्यकारिणीपुढे ठेवण्यास अध्यक्षमहाराजांनी अनुज्ञा द्यावी.