शंभरात किती बिघडली?

आज टीव्हीला जोडून खेळायच्या गेमच्या यंत्राबद्दल, म्हणजे गेम कन्सोलबद्दल बोलूया. तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि खेळाचा काय संबंध? आम्हालाही असंच वाटायचं. पण गटातल्या एका ताईंनी बैठकीत अंतर्गत कर्ज मागितलं. त्यांच्या मुलाला तालुक्याच्या गावी गेमचं दुकान टाकायचं होतं. तासावर पैसे घ्यायचे आणि पोरांना खेळू द्यायचं. दोन जुनी यंत्रं स्वस्तात मिळत होती. "दुकानदार म्हणतो, ही कधी बिघडतच नाहीत," ताई म्हणाल्या.

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. मिरची कांडपाचं यंत्र घेतानाही आम्ही हेच ऐकलं होतं, आणि भर हंगामात मोटर जळाली होती. म्हणून या वेळी आधी माहिती काढायचं ठरवलं.

माहितीत एक जुनी, पण कामाची गोष्ट सापडली. २००५ साली मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० बाजारात आणलं. पुढच्या वर्षी सोनीचं प्लेस्टेशन ३ आणि निंटेंडोचं वी आलं. एक्सबॉक्स ३६० मध्ये मोठा दोष निघाला. बटणाभोवती तीन लाल दिवे लागायचे आणि यंत्र बंद पडायचं. यंत्र तापायचं, थंड व्हायचं, आणि असं सारखं होऊन आतले बारीक सांधे तुटायचे. शेवटी २००७ मध्ये कंपनीनं या बिघाडासाठी हमी तीन वर्षांची केली. त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या स्क्वेअरट्रेड या हमी विकणाऱ्या कंपनीनं आपल्याकडच्या सोळा हजारांहून जास्त यंत्रांचा हिशेब मांडला. दोन वर्षांत एक्सबॉक्स ३६० शंभरातली सुमारे २४ बिघडली, प्लेस्टेशन ३ शंभरातली १०, आणि वी शंभरातली तीनपेक्षाही कमी. वी ताकदीनं तिघांत कमी होतं, वीजही कमी खायचं, त्यामुळं तापायचंही कमी.

आता यावरून "अमुक कंपनी वाईट" असं म्हणून मोकळं व्हायचं नाही. त्याच एक्सबॉक्सचं २०१० सालचं मॉडेल नव्यानं बनवलेलं होतं. म्हणजे नुसतं नाव विचारून भागत नाही, साल आणि मॉडेलही विचारावं लागतं. आणि "माझ्या भाच्याचं छान चालतंय" हा एका यंत्राचा अनुभव झाला. शंभरातली किती बिघडली आणि किती दिवसांत, हा खरा प्रश्न.

आम्ही ताईंच्या मुलाला चार प्रश्न लिहून दिले. मॉडेल कोणत्या सालचं? आधी उघडून दुरुस्त केलंय का? हमी किती महिन्यांची, आणि ती लिहून देणार का? बिघडलं तर तालुक्यात दुरुस्त होईल का?

दुकानदारानं लिहून द्यायला नकार दिला. गटानं त्या यंत्रांसाठी कर्ज दिलं नाही. ताई रागावल्या, दोन बैठकांना आल्या नाहीत. आम्हालाही वाईट वाटलं. पण पैसा दहाजणींच्या घामाचा होता, आणि यंत्र बंद पडलं तरी हप्ता थांबत नाही.

तिसऱ्या बैठकीला ताई मुलाला घेऊनच आल्या. दुसऱ्या दुकानातून एकच यंत्र, पण सहा महिन्यांची लेखी हमी आणि पक्कं बिल. कर्ज मंजूर झालं, इतिवृत्तात ठराव लिहिला. अट एकच घातली. यंत्र बंद कपाटात ठेवायचं नाही, मागं हवा खेळती ठेवायची, धूळ पुसायची.

मैत्रिणींनो, शिलाई मशीन असो, पिठाची गिरणी असो, पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुकानदार हसला तरी विचारा.