दहा दिवसांची माया



अमेरिकेतल्या चर्चचे तरुण संघ सुट्टी लागली की परदेशी सेवेला निघतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या पाहणीवरून २००५च्या सुमाराचा अंदाज असा, की वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकन ख्रिस्ती अशा अल्पकालीन मिशनवर देशाबाहेर जात होते. मुक्काम आठ-दहा दिवसांचा, आणि कामांत लहान मुलांना जवळ घेणे, त्यांच्याशी खेळणे हे बहुतेक ठरलेले. या कामाला ना भाषा लागते, ना शिक्षण, असे गृहीत धरले जाते. माझा विरोध या गृहीताला आहे. त्यातही अनाथाश्रमातल्या चिमुरड्यांकडे या पथकांना नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईबापांपासून दुरावलेल्या मुलांविषयी जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेला अहवाल दिला तो १९५१ साली. पुढे २०००च्या सुमारास बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतली निम्मी मुले चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत पाठवली गेली. जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली, त्यांचा सांभाळणाऱ्यांशी जिव्हाळा अधिक चांगला जुळला. पोट भरलेले असूनही संस्थेतले मूल खुरटते, कारण त्याला उचलून घेणारे हात सतत बदलतात. अशी मुले पुष्कळदा कोणाही परक्याच्या गळ्यात पडतात. पाहुण्या तरुणांना ती प्रेमाची पावती वाटते. बालमानसशास्त्राच्या लेखी ते तुटलेपणाचे लक्षण आहे. दहा दिवस लळा लावून गेलेले पथक त्या मुलाच्या आयुष्यातल्या निघून गेलेल्या माणसांत आणखी दहा-पंधरांची भर घालते.

शिवाय ही मुले अनाथ असतातच असे नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, आणि तिथल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांची आई किंवा वडील हयात होते. शाळा आणि जेवण मिळेल या आशेने गरीब आईबाप मूल सोडून जात होते. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहिल्या, की आश्रमाला मुले लागतातच. ऑस्ट्रेलियाने २०१८च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अशा आश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली, ती यामुळेच.

यावर म्हणतात, की प्रवासाने तरुण बदलतो आणि घरी परतून हात सैल सोडतो. कर्ट व्हर बीक हे स्वतः ख्रिस्ती महाविद्यालयातले समाजशास्त्रज्ञ. १९९८च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये झालेल्या घरबांधणीचा त्यांनी अभ्यास केला. परदेशी पथकाच्या एका घरामागे प्रवासखर्च धरून सुमारे ३० हजार डॉलर गेले. स्थानिक संस्थेने तसे घर सुमारे दोन हजारांत उभे केले. परतलेल्यांच्या देणग्यांत टिकाऊ वाढ फारशी दिसली नाही. तरुण बदलतही असेल, पण त्याच्या शिक्षणाची किंमत तीन वर्षांच्या मुलाने का मोजावी? आईबापांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी स्थानिक चर्चने बोलावून चार दिवसांची बायबल शाळा घेतली, तर तिला माझी हरकत नाही. तिथे संध्याकाळी मूल आपल्या घरी जाते.

आणि मिशनऱ्यांनीच आपल्याकडे मुलींच्या शाळा काढल्या ना, असे कोणी विचारील. काढल्या. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईला आल्या, मराठी शिकल्या, पुढे अहमदनगरला राहिल्या आणि १८६२मध्ये तिथेच वारल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८४८ साली शाळा सुरू केली. त्या कामामागे उभा जन्म होता. आजच्या तरुणांकडे तेवढी वर्षे नाहीत, हे कबूल. मग त्यांनी तिकिटाचे पैसे मूल घरीच सांभाळता यावे यासाठी स्थानिक माणसांकरवी खर्चावेत. बायबलातल्या ज्या याकोबाच्या पत्राचा आधार अनाथसेवेसाठी घेतला जातो, त्यात अनाथांच्या जोडीला विधवाही आहेत. कंबोडियातल्या कितीतरी ‘अनाथांची’ आई तीच आहे, आणि तिच्या दारी कोणतेही पथक जात नाही.